बैल छावणीत, जावई शर्यतीत

माणसाने सायकल का घ्यावी याची मला ठाऊक असलेली सगळी कारणे सरळ आहेत. कामावर जायला, दूध घालायला, गिरणीत दळण न्यायला. मी मात्र सायकल घेतली ती माझ्या बायकोने दिलेल्या एका उत्तरापायी, आणि तो प्रश्न कुणी मला विचारलाही नव्हता.

झाले असे. त्र्याहत्तर साल, फाल्गुन महिना. माझे सासरे लालासाहेब, फौजेतले रिटायर सुभेदार, मिरजेला डोळे दाखवायला आले होते आणि मुक्कामाला सांगलीत आमच्याकडे होते. जेवताना त्यांनी गावाकडची बातमी सांगितली. माझी सासुरवाडी बोरदरे, खटाव तालुक्यात. तिथे चैत्रातल्या जत्रेत दरसाल बैलगाड्यांची शर्यत होते. पण दुष्काळामुळे गावचे यच्चयावत बैल सरकारी चारा-छावणीत, आणि त्यातला एखादा उठवायचा तर चार माणसांनी शेपटाला धरावे लागे. शर्यत बंद ठेवावी तर देवाचा रिवाज मोडतो. म्हणून पंचांनी बसून तोडगा काढला, की यंदा बैलांऐवजी गावच्या जावयांची शर्यत घ्यायची. सायकलवर. गावातून डोंगर चढायचा, माथ्यावरच्या भैरोबाला हात लावायचा, आणि पलीकडच्या अंगाने वस्त्यांमधून उतरून जत्रेच्या मैदानात यायचे.

"जावईच का पण?" मी विचारले.

"त्येस्नी छावणीत घेत न्हाईत म्हणून," सासरे म्हणाले आणि त्यांनी आमटी ओरपली.

मग माझे थोरले साडू मानसिंग यांचा विषय निघाला. तो निघतोच. मानसिंग फौजेत हवालदार आहेत आणि नेमके रजेवर आले होते. "त्यो पैला येनार, त्यात बघायचं काय न्हाई," सासरे म्हणाले. मग औषध घातलेले डोळे माझ्याकडे लावून ते अगदी मायेने म्हणाले, "तुमचं नाव घातलं न्हाई आमी. कारकुनी मानूस तुमी. उगं दम लागायचा."

ती माया मला फार लागली. पण मी कुपवाडला एका नटबोल्टच्या कारखान्यात हजेरी-कारकून आहे हे खरे होते, आणि जिना चढल्यावर दम लागतो हेही खरे होते, तेव्हा मी बरोबर आहे म्हणालो. कुणी काहीही म्हणाले की मी बरोबर आहे म्हणतो. तेवढ्यात विजयमालाने, म्हणजे माझ्या बायकोने, परातीतली भाकरी परातीतच ठेवली.

"नाव घाला, आबा," ती म्हणाली. "हे रोज कुपवाडला सायकलनंच जात्यात. यष्टीच्या आधी पोचत्यात."

सासऱ्यांनी अंगणाकडे पाहिले. "सायकल कुठं दिसली न्हाई ती."

"दुरुस्तीला टाकलीया."

मी घास गिळला. मी कुपवाडला यष्टीने जातो. सायकलवर शेवटचा बसलो तो मॅट्रिकच्या वर्षी, आणि तेव्हा उतरताना सायकल एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला असा बेत झाला होता.

सासरे झोपल्यावर मी विजयमालाला जाब विचारणार होतो, पण तिचा चेहरा बघून राहू दिला. तिची बाजू मला कळत होती. माहेरी गेले की तिची थोरली बहीण सुलाबाई नवऱ्याच्या गोष्टी सांगे. बर्फातल्या, बंदुकीच्या, कर्नलसाहेबांनी पाठ थोपटल्याच्या. मग सगळे विजयमालाकडे वळत आणि विचारत, तुमच्यात काय विशेष? आमच्यात विशेष एवढेच, की गेल्या महिन्यात मस्टरचा रंग बदलला होता. जेवायला बसताना मानसिंगचा पाट मधे पडे आणि माझा दाराशी, जिथून कोंबड्या आत येतात. मुद्दाम कुणी करीत नव्हते. आपोआप तसे होई, आणि तेच विजयमालाला सोसत नव्हते.

"एवढी एक बार माझं हसू होऊ देऊ नका," ती म्हणाली. "आयुष्यात दुसरं काय मागनार न्हाई." हे तिने याआधीही मागितले होते, शिलाई मशीनच्या वेळी, पण तेव्हा तिचा आवाज असा नव्हता.

सासरे गेले त्याच दिवशी ही गोष्ट आमच्या वाड्यात सगळ्यांना कळली. आमचे घरमालक भाऊसो आणि समोरच्या खोलीतले नानासो या दोघांचे नळावरून बिनसले होते, तेव्हापासून ते एकमेकांशी बोलत नसत. माझ्याशी बोलत. त्यामुळे मला कुठल्याही विषयावर दोन्ही बाजू ऐकायला मिळत.

"जुनीच घ्या," भाऊसो म्हणाले. "नवी सायकल म्हंजे नवी नवरी. वळन लागंस्तवर शर्यत हून जाईल."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"जुनी घेऊ नका," नानासो त्यांच्या दारातून म्हणाले. "जुनी सायकल म्हंजे दुसऱ्याचं दुखनं."

"तेही बरोबर आहे."

शेवटी जुनीच घेतली, कारण नवी घेण्याची ऐपत नव्हती. भाऊसोंच्या ओळखीचे एक चाचा मिरजेत तंबोरे करीत. त्यांची सायकल विकायची होती. चाचांनी आयुष्यभर तिच्यावरून तंबोऱ्याचे भोपळे आणले होते. एकेक भोपळा पोराएवढा, म्हणून मागे लोखंडी पट्ट्यांचा एक पाळणा वेल्डिंग करून बसवला होता. तो काढता येत नव्हता. काढला तर मागचे चाकही त्याच्याबरोबर येई.

"या सायकलनं आजवर एक भोपळा फोडला नाही," चाचा म्हणाले. मग त्यांनी खाली बसून चाकाच्या तारा एकेक करून बोटाने छेडल्या आणि कान दिला. "पुढचं चाक सुरात आहे. मागचं जरा उतरलंय. पण ते वाजवणाऱ्याच्या कानाला. चालवणाऱ्याला काही नाही."

एवढ्या कसोशीने पारख करून विकलेली वस्तू मी आजवर घेतली नव्हती. मी तिथेच व्यवहार केला.

घरी आणताना मी तिला हातात धरून चालत आणली, कारण तिची बैठक माझ्या छातीशी येत होती. वाटेत एका जकात नाक्यावर कारकुनाने अडवले.

"विकायला चाललीय का?"

"नाही, माझीच आहे."

"मग बसत का नाही?"

हा प्रश्न जकातीच्या कुठल्या कलमात बसतो मला ठाऊक नाही, पण त्याचा संशय मला मान्य होता. स्वतःची सायकल असलेला माणूस मिरजेपासून चालत कशाला येईल? "बसून दाखवा," तो म्हणाला. तोवर उसाच्या दोन गाड्या, एक बैरागी आणि शाळेतून सुटलेला अख्खा वर्ग जमला होता. मी नाक्याच्या ओट्यावर चढलो, तिथून सायकलवर पाय टाकला आणि निघालो. निघालो तो निघालोच. उतरायला पुन्हा तसाच ओटा लागणार होता आणि तो विश्रामबागेपर्यंत मिळाला नाही. तिथवर तो कारकून जकातीची पावती घेऊन माझ्यामागे धावत आला. त्याच्या कर्तव्यनिष्ठेबद्दल मला आजही आदर आहे.

पुढे बिल्ल्याचे प्रकरण. त्या काळी प्रत्येक गावाचा सायकलीवरचा कर वेगळा आणि भरल्याचा पत्र्याचा बिल्ला वेगळा. माझ्या सायकलीला मिरजेचा होता. बिल्ले देणाऱ्या खिडकीवर मला सांगण्यात आले, की जुना जमा केल्याशिवाय नवा मिळणार नाही. जुना काढताना तुटला. तुटका जमा होत नाही, असे मला दुसऱ्या दिवशी सांगण्यात आले. तिसऱ्या खेपेला खिडकीतल्या गृहस्थांना माझी दया आली आणि त्यांनी विचारले, सायकल नक्की चालवणार कुठे? मी म्हणालो, साताऱ्याकडे, डोंगरावर. "मग इथला बिल्ला कशाला घेताय?" ते म्हणाले. "तिथं काय पद्धत असेल ती बघा." आणि त्यांनी खिडकी बंद केली.

सराव करायचा तर डोंगर हवा. सांगलीत चढ असा एकच, कृष्णेवरच्या पुलावर जाताना लागतो तो, आणि तोही लक्ष देऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. मी पहाटे त्या पुलावरून पलीकडे जाई, सांगलीवाडीच्या बाजूला एका दगडाशी उतरे, त्याच दगडावरून चढे आणि परत येई. दूध घेऊन येणारे गवळी मला रोज बघत. आठवडाभराने त्यांतल्या एकाने घागरी टेकवून विचारले, "काय पडलंया का पुलावर तुमचं? सांगा तरी, आमी बी बघतो."

घरात चहा बंद झाला होता. नानासोंनी कच्ची अंडी सांगितली होती आणि भाऊसोंनी अंड्याने छातीत उष्णता होते म्हणून ताक सांगितले होते. मी दोन्ही घेत होतो. त्याचा परिणाम इथे सांगण्यासारखा नाही. पण संध्याकाळी मी सायकल पुसत बसे तेव्हा विजयमाला दारात गहू निवडत बसायची आणि मधूनच माझ्याकडे बघायची, आणि तिच्या बघण्यात मस्टरच्या रंगापेक्षा काहीतरी अधिक असायचे. मला ते आवडू लागले होते, हे मी कबूल करतो.

निघायच्या आदल्या दिवशी भाऊसो सायकलीभोवती फिरले. "मागचा ब्रेक चाकाला घासतोय," ते म्हणाले. "चढाला मानूस तितंच मरतं. ह्यो रबर काय कामाचा न्हाई." मी बरोबर आहे म्हणालो आणि पिशवी भरायला आत गेलो. सकाळी नानासो दात घासत आले. "पुढचा ब्रेक लय वंगाळ. उताराला दाबला की मानूस हँडलावरनं म्होरं. आमच्या मेव्हण्याचं दोन दात त्यातच गेलं." मी तेही बरोबर आहे म्हणालो, आणि चहा नसला तरी निदान अंघोळ करावी म्हणून मोरीत गेलो.

सायकल यष्टीच्या टपावर चढली. कंडक्टरला मागचा पाळणा पाहून ते पोराच्या बारशाचे सामान वाटले आणि त्याने विजयमालाचे अभिनंदन केले.

बोरदऱ्यात मानसिंगने ती स्वतः उतरवून घेतली. मानसिंग वाईट असते तर मला सगळे फार सोपे गेले असते. पण माणूस सोन्यासारखा. "साडूभाऊ, फिकर नॉट," ते म्हणाले आणि माझी पिशवीही त्यांनीच उचलली. गाव करपून गेले होते. विहिरीत पोरे दगड टाकीत तो खणकन वाजे. टँकर चार-चार दिवसांनी येई, आणि आला की गावात कुणाचे कुणाशी नाते राहात नसे. असे असूनही जत्रा होती, आकाशपाळणा होता, कुस्त्यांसाठी तांबडी माती उकरून हौदा तयार केला होता, आणि शर्यतीची बक्षिसेही मांडली होती. ती दुष्काळ पडायच्या आधीच ठरली होती. पहिल्याला बैलाची झूल, दुसऱ्याला शिंगांच्या पितळी शेंब्या, तिसऱ्याला घुंगरमाळ. बदलावीत का असा विचार झाला होता, पण जावयालाही शोभतील असे पंचांचे मत पडले.

हलगी कडाडली आणि आम्ही निघालो. गावच्या लेकी जिथे जिथे दिल्या होत्या तिथले जावई होते. एक मास्तर, एक कंपाउंडर, दोघे मुंबईच्या गोदीतले, बाकी शेतकरी. पहिल्या वळणाला मी शेवटचा होतो. दुसऱ्या वळणाला मी उतरलो. तिथून पुढे सायकलीने मला नेण्याऐवजी मी तिला नेले. वाटेत सगळे गोटे आणि निवडुंग. मास्तर माझ्यापेक्षा दुप्पट जाड, तेही दिसेनासे झाले. माथ्यावर पोचलो तेव्हा भैरोबाचा पुजारी देऊळ बंद करायच्या बेतात होता.

"अजून कोन हाय का मागं?" त्याने विचारले.

"नाही. मीच."

त्याने माझ्या कपाळाला भंडारा लावला आणि पाणी पुढे केले. मला पाण्यापेक्षा विजयमाला दिसत होती. खाली मैदानात बायकांच्या घोळक्यात, सुलाबाईच्या शेजारी, येणारा एकेक जावई मोजत उभी असणार. देवळाची पायरी होती. तिच्यावरून मी चढलो आणि उताराला लागलो.

थोडे खाली आल्यावर सायकल जरा जास्तच उत्साहात आहे असे वाटले, म्हणून मागचा ब्रेक दाबला. दांडी हँडलाला जाऊन टेकली, दुसरे काही झाले नाही. पुढचा दाबला. त्याचेही तेच. तेव्हा मला सगळे कळले. मी आत गेल्यावर भाऊसोंनी मागचे रबर काढले होते आणि नानासोंनी पुढचे. भाऊसो आणि नानासो यांचे जन्मात पहिल्यांदा एकमत झाले होते, आणि ते माझ्या सायकलीवर.

पहिली वस्ती रंगूबाईंची. नात्याने माझ्या चुलत सासूबाई. वाटेच्या मधोमध त्या तांब्या आणि ओवाळायचे ताट घेऊन उभ्या. त्यांच्या मागे घोंगडीवर मास्तर मांडी घालून बसले होते, बशीतून गुळाचा कोरा चहा पीत. त्यांची सायकल बाभळीला टेकलेली. एका क्षणात माझ्या लक्षात आले की शर्यत पंचांची असली तरी जावई गावाचे होते. दारावरून जाणारा जावई पाण्याशिवाय पुढे सोडायचा नाही, हे बोरदऱ्याच्या बायकांनी पंचांना न विचारता ठरवले होते.

"या जावईबापू, पानी घ्या," रंगूबाई म्हणाल्या.

"मावशी, बाजूला व्हा," मी ओरडलो.

चुलत सासूला उद्देशून हे वाक्य आमच्याकडे आजवर कुणी उच्चारले नसेल. त्या निवडुंगात सरकल्या. तांब्या हातातून सुटला आणि पाणी मातीत गेले. पुढच्या वस्तीवर कंपाउंडर पोहे खात होते. त्याच्या पुढच्या वस्तीवर गोदीतल्या दोघांना ओवाळणे चालले होते. प्रत्येक दारात कुणीतरी या म्हणत होते आणि मी पाळण्याचा खडखडाट करीत निघून जात होतो. मानसिंग एका छपरापुढे ताठ उभे राहून ताकाचा तांब्या तोंडाला लावून होते. तांब्या न काढता त्यांनी मला दुसऱ्या हाताने सलाम ठोकला.

शेवटचे झोपडे वळणावर एकटेच होते. दारात एक खूप म्हातारी बाई. तिने हाक मारली नाही. दोन्ही हातांनी फुलपात्र झाकलेला तांब्या नुसता पुढे धरला. मी तिच्याही समोरून गेलो.

मग मैदान, झेंडूची आडवी माळ, ती माझ्या गळ्यात, माणसे दोन्ही बाजूंना पळताना, आणि समोर कुस्तीचा हौदा. पुढचे चाक तांबड्या मातीत रुतले, सायकल उभी राहिली, मी पुढे गेलो आणि पाठीवर सपाट पडलो. हलगीवाल्याने सवयीने कुस्ती निकाली निघाल्याचा ठेका धरला.

"चीत," एक पैलवान म्हणाला.

"पैला," माझे सासरे म्हणाले.

लालासाहेबांनी मला हाताला धरून उठवले आणि सोडले नाही. गुलाल उडाला. कुणीतरी माझ्या खांद्यावर आरसेभिंगांची झूल टाकली. मी बायकांच्या घोळक्यात पाहिले. विजयमाला माझ्याकडे बघत नव्हती. ती सुलाबाईकडे बघत होती, फक्त एकदा, आणि मग पदर सारखा करून समोर. त्या एका नजरेसाठी मी त्या डोंगरावरून पुन्हा बिनब्रेकचा उतरलो असतो.

पण हे सुख भजी तळून निघेपर्यंतच टिकले. डोंगराकडून रंगूबाई आल्या. त्यांच्यामागे सगळ्या वस्त्यांच्या बायका. रंगूबाईंच्या हातात रिकामा तांब्या होता.

"लालासाहेब," त्या म्हणाल्या, "तुमचा जावई आमच्या दारावरनं कोरडा गेला. टँकरचं पानी दोन दीस गाळून ठिवलं हुतं. घरातल्या पोरास्नी हात लावू दिला न्हाई. ते मातीत घालून गेला."

मला तोंड वर करवेना. माथ्यापासून खालपर्यंत ज्या दारावरून मी सटकलो त्या प्रत्येक दारात कुणीतरी स्वतःचे पाणी तोडून ठेवले होते, आणि मी बाजूला व्हा म्हणालो होतो.

"ब्रेक नव्हते, मामा," मी सासऱ्यांना म्हणालो.

एक पंच सायकलीकडे गेला, वाकून बघून परत आला. "रबर काढल्याती," तो म्हणाला. "फुडचं बी आन् मागचं बी. पाना लावून नीट सोडवून." मग माझ्याकडे वळून, "थांबाय लागू नये म्हनूनच न्हवं?"

म्हणजे मी जो पुरावा दिला तो माझ्यावरच उलटला. शेजाऱ्यांनी काढले असे सांगितले तर लोक हसले असते. तरी मी तोंड उघडले, पण माझ्या आधी सुलाबाई बोलल्या. अगदी साधेपणाने बोलल्या, त्यात काही कावा नव्हता.

"रोज कुपवाडला सायकल मारनारा मानूस. बसल्या बसल्या कळलं न्हाई व्हय, ब्रेक न्हाईत म्हनून?"

विजयमालाचा चेहरा उतरला. माझ्यापाशी उत्तर होते. मला सायकल येत नाही, ही महिन्यापूर्वी घेतली आणि तीही ओट्याशिवाय चढता येत नाही, एवढे म्हटले असते तर मी सुटलो असतो. गाव हसले असते आणि विसरले असते. विजयमालाला मात्र पुढच्या प्रत्येक जत्रेला ते हसू ऐकावे लागले असते. ती माझ्याकडे बघत होती. बोला, असेच तिचे डोळे म्हणत होते, आणि त्याने मला जास्तच कठीण गेले.

"मीच काढले," मी म्हणालो. "पहिला येण्यासाठी. चुकलं माझं."

सासऱ्यांनी माझा हात सोडला.

मी हौद्याच्या कडेला तसाच उभा राहिलो. झूल काढून कुणाला द्यावी हेही कळेना. तेवढ्यात बायकांतून विजयमाला बाहेर आली. पुरुषांच्या घोळक्यातून ती सरळ माझ्यापर्यंत आली, हे बोरदऱ्यात कुणी करत नाही.

"चला," ती म्हणाली. "दारं काय कुठं गेली न्हाईत. अजून तितंच हायती."

आणि ती डोंगराच्या वाटेला लागली. मी तिच्या मागून. सायकल हौद्यातच राहिली. रंगूबाई घाईघाईने आम्हाला मागे टाकून पुढे गेल्या, कारण पाहुणा दारात येण्याआधी घरात पोचायला हवे होते. बाकीच्याही एकेक करून तशाच धावल्या. आता मी चालत होतो, आणि ज्या दारांवरून मघा पळालो त्या दारांतल्या बायका माझ्यापुढे धावत होत्या.

आम्ही वरच्या अंगाने सुरुवात केली, रंगूबाईंपासून. त्यांचे पाणी सांडले होते, म्हणून त्यांनी शेजारून उसने आणले आणि मला ओवाळले. मी वाकून पाया पडलो, तर म्हणाल्या, "आता ऱ्हाऊ द्या. पर बाजूला व्हा म्हनायचं नसतं." पुढे पोहे झाले. ताक झाले. चहा झाला, पुन्हा चहा झाला, नंतर रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि खर्डा झाला. महिनाभर चहा तोडलेला माणूस, माझ्या पोटात जत्रा भरली. विजयमाला प्रत्येक दारात माझ्या शेजारी बसे. दोन वस्त्यांच्या मधे एकदा म्हणाली, "तसं बोलायची काय गरज हुती?" मी म्हणालो, "बरोबर आहे." ती हसली आणि मग लगेच डोळे पुसले.

वळणावरचे झोपडे राहिले होते. तिथे आलो तर म्हातारी तशीच दारात बसलेली. अंबूबाई तिचे नाव. गावातल्या भांडणाला ती आली नव्हती, तिला त्यातले काही ठाऊकच नव्हते. मांडीवर तांब्या, त्यावर फुलपात्र.

"आलासा व्हय," ती म्हणाली. "म्हटलं एक राहिलाय अजून. मघा कोन तरी खडखड करत पळालं हितनं. मला नीट दिसंना. म्हटलं, ह्यो आपला न्हवं. आपला जावई थांबल्याबिगर जायाचा न्हाई."

मी खाली बसलो. तिने फुलपात्र भरून माझ्या हातात दिले. गढूळ, पण गाळलेले. घोटभरही जागा नव्हती, तरी मी ते सगळे प्यालो.

"शर्यतीत कितवं आलासा मग?"

माझ्या केसांत गुलाल होता, पाठीला तांबडी माती होती आणि खांद्यावर आरसे लुकलुकत होते. विजयमालाने हात पुढे करून माझ्या खांद्यावरची झूल ओढून घेतली, तिची घडी घातली आणि आपल्या मागे ठेवली.

"शेवटी आले, आज्जी," ती म्हणाली.

"लय ब्येस झालं," अंबूबाई म्हणाली. "पर त्यो पैला गेला, त्येला कुनी पानी दिलं असंल का गं? एवढ्या उन्हाचा पळत हुता बिचारा."

"दिलं, आज्जी. समद्यांनी दिलं."

म्हातारीचे समाधान झाले. तांब्यात थोडे राहिले होते, ते तिने माझ्या फुलपात्रात ओतले.